उत्तर: आधी इस्पितळं की आधी जुलाबावरची ओआरएसची पुडी?

वर एकांनी म्हटलंय की गरीब देशांचं आरोग्य सुधारायचं तर आधी मोठी इस्पितळं उभारा. हवीतच, पण १९७१ सालचं पश्चिम बंगालमधलं बनगाव आठवा. बांगलादेशातून आलेले निर्वासित, पटकीची (कॉलऱ्याची) साथ आणि शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलेलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज, खायचा सोडा पाण्यात कालवून पिंपं भरली आणि पाजायचं काम रुग्णांच्या नातेवाइकांवर सोपवलं. मृत्यूचं प्रमाण तीसेक टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आलं! ग्लुकोजसोबत आतडं मीठ आणि पाणी ओढून घेतं, एवढीच त्यातली गंमत.

आता अशाच मिश्रणाची ओआरएसची पुडी कुठल्याही मेडिकलमध्ये मिळते, पण वापरताना घोळ होतो. आमच्या शेजारच्या काकूंनी नातवासाठी अख्खी पुडी एका पेल्यात ढवळली होती. ती मोठी पुडी एक लिटर पाण्याची असते. घट्ट केली तर जुलाब वाढतात, रक्तात मीठही वाढतं. शिवाय मुलांना १० ते १४ दिवस झिंक द्यायचं असतं, ते बहुतेक घरांत राहूनच जातं.

आणि हो, पुडी जीव वाचवते, पण नळाला गटाराचंच पाणी येत असेल तर पुढच्या महिन्यात तेच पोर पुन्हा आजारी. तिथे डॉक्टर नाही, प्लंबर लागतो.