जुन्या गाडीचं पॉवर स्टिअरिंग जड झालंय, पंप खरंच गेला असेल का?

वेळणेश्वरकर

नमस्कार मंडळी. गाडी वडिलांची, २००६ ची पेट्रोल हॅचबॅक, स्टिअरिंग हायड्रॉलिक, म्हणजे पंपाने दाबलेल्या तेलावर हलकं होणारं. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर "ती घेतलीच कशाला" यावरच धागा संपेल.

त्रास असा. सकाळी चालू केली की स्टिअरिंग फिरवताना घूं घूं आवाज येतो, दोन्ही बाजूंना. रस्त्याला लागल्यावर काही जाणवत नाही. पण धोपाव्याला फेरीबोटीत गाडी लावताना तो माणूस "अजून डावीकडे, अजून घ्या" करायला लागला की दोन्ही हातांनी ओढावं लागतं. मध्येच एकदम हलकं होतं, परत जड. स्टिअरिंगचं ऑइल डब्यावरच्या "मिन" खुणेच्या खाली गेलं होतं, ते भरलं, तर थोड्याच दिवसांत पुन्हा खाली. आणि गाडी उभी असते त्या कोब्यावर तेलाचा एक थेंब नाही!

एका गॅरेजवाल्याने बॉनेट उघडलं, स्टिअरिंग इकडून तिकडे फिरवलं आणि "पंप, रॅक दोन्ही बदला" म्हणाला (रॅक म्हणजे पुढची चाकं वळवणारी आडवी दांडी आणि तिची नळी). आकडा ऐकून बाबा गप्पच बसले. गणपतीला मुंबईची मंडळी येणार, चिपळूण स्टेशनच्या फेऱ्या याच गाडीने. पंप गेलाय की नाही हे घरच्या घरी कसं ओळखायचं?

कुडाळचो

बाबा रे, आधी पंप फिरवणारो बेल्ट बघ. पावसात हयसर सगळ्यांचे बेल्ट वरडतत. पाणी लागला की चीं चीं, सुकला की गप. रात्री बॉनेटात उंदीर खेळतत, बेल्टाची कड खाल्ली असतली तर वरसून समजाचा पण नाय.

अण्णा फिटर

बेल्ट बघाच, पण बेल्टाचा आवाज चिरका असतो. हे घूं घूं म्हणतायत.

वेळणेश्वरकर, पंपाला फाशी द्यायच्या आधी त्याची साक्ष तरी घ्या. तेल कमी झालं की पंप तेलाबरोबर हवा ओढतो. तेल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते. म्हणून कधी हलकं, कधी जड, आणि तो आवाज. ओरडतोय पंप हे खरं, पण दुखणं दुसरीकडे असू शकतं.

इंजिन चालू ठेवून स्टिअरिंग ऑइलच्या डब्याचं झाकण काढा, घरातल्या कुणाला तरी स्टिअरिंग फिरवायला बसवा आणि आत बघा. फेस दिसला की हवा आहे, वाद नको. तेलाचा रंगही बघून घ्या. एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) चालणारी गाडी असेल तर नवं तेल कोकमाच्या आगळासारखं लाल असतं. तुमचं काळपट आणि जळक्या वासाचं निघालं तर नुसती भर घालून उपयोग नाही, सगळं काढून बदला. बऱ्याच डब्यांत तळाला जाळी असते, ती गाळाने बुजली तरी पंप उपाशी राहतो. तेल कुठलं घालायचं ते झाकणावर किंवा गाडीच्या पुस्तकात असतं, दुकानदाराला विचारू नका.

हवा शिरते कुठून? डब्यातून पंपाकडे जाणारा जाड होज, म्हणजे रबरी नळी, बघा. त्यात दाब नसतो, ओढ असते. तिथली क्लिप सैल असेल तर बाहेर थेंब न पडता आत हवा जाते. आपल्याकडे खाऱ्या वाऱ्याने या क्लिपा बघता बघता गंजतात, वरून घट्ट दिसतात आणि बोट लावलं की फिरतात.

पण तुमचं तेल कमी होतंय, म्हणजे ते कुठेतरी जातंय. कोब्यावर थेंब नाही म्हणजे गळतीच नाही, असं धरू नका. रॅकच्या दोन्ही टोकांना रबरी बूट असतात, घड्यांचे. गाडीखाली हात घालून ते चिमटीत दाबा. आत हवा असेल तर मऊ लागतील. पचक् झालं तर रॅकचं सील गेलंय आणि बूट ते तेल पोटात साठवून बसलाय. इंजिन बंद करून, थंड झाल्यावरच हात घाला.

आता पंपाचं. तेल पूर्ण भरून, हवा काढून आवाज थांबला तर पंप शाबूत समजा. तेल भरलेलं, बेल्ट ताणलेला, तरीही आयडलवर जड आणि रेस दिली की हलकं, असं असेल तर पंपावर संशय घ्यायला जागा आहे. तेव्हा प्रेशर गेज लावून घ्या, अंदाजाने बदलू नका. एकाच बाजूला जड असतं तर मी रॅकचा व्हॉल्व्ह म्हटलं असतं, पण तुमचं दोन्हीकडे आहे.

आणि हे सगळं करायच्या आधी टायरची हवा बघा. हसू नका.

आंजर्लेवाली

माझ्या गाडीत डबाच नाही, इलेक्ट्रिक स्टिअरिंग आहे. तीही अशीच जड झाली होती, डॅशबोर्डवर स्टिअरिंगचा दिवा लागला होता. बॅटरीच्या टर्मिनलवर हिरवट थर चढला होता, घासून काढल्यावर ठीक झाली. ज्यांच्या गाडीत तेलच नाही त्यांनी आधी बॅटरी आणि फ्यूज बघावा. अण्णा, एक विचारू? रस्त्यात हे तेल संपलं तर तात्पुरतं ब्रेक ऑइल टाकलं तर चालेल का?

अण्णा फिटर

अजिबात नाही! ब्रेक ऑइल वेगळ्या जातीचं असतं, या सिस्टिमची रबरी सीलं त्याने फुगतात आणि बाद होतात. त्यापेक्षा जड स्टिअरिंगने हळू घरी या. पॉवर गेली तरी चाकं वळतातच, दांड्यांची जोडणी कायम असते, फक्त दंड भरून येतात. मात्र डबा कोरडा असताना लांब पल्ला मारू नका, पंप तेलावरच वंगण घेतो.

वेळणेश्वरकर

अण्णा, बघितलं. डब्यात फेस आहे. जाड होजची क्लिप घट्ट आहे. उजवा बूट कोरडा, डावा दाबल्यावर तुम्ही म्हणालात तसंच, पचक्! खालच्या बाजूने चिरलाय, बाहेरची क्लिप तर गंजून गळूनच पडलीय. चिरेतून बोट घातलं तर तेल आणि लाल चिखल एकत्र. बूट सरकवून दांडी पुसली, चाकाकडच्या टोकाला गंजाचे ठिपके आहेत, नखाला लागतात. म्हणजे पंप वाचला आणि रॅक गेला?

अण्णा फिटर

पंप बहुतेक वाचला. रॅकचं सांगतो. ड्रायव्हरकडच्या बाजूला दांडीला दाते असतात, तुमच्या डाव्या बाजूला ती गुळगुळीत असते आणि त्याच अंगावरून सील फिरतं. बूट फाटला, पाणी आणि चिखल आत गेला, दांडी गंजली, गंजाने सील कापलं. समुद्रकाठच्या गाड्यांत हे मी बरंच बघितलंय. नखाला लागणाऱ्या ठिपक्यांवर नवं सील किट मारलं तर तेही कापलं जाणार. रॅक रिकंडिशन करून घ्या किंवा बदला, पण पंपाचे पैसे देऊ नका.

गणपतीपर्यंत ढकलायची असेल तर एक सोय आहे. ठिपके टोकाला आहेत, म्हणजे स्टिअरिंग एका बाजूला पार शेवटपर्यंत नेल्यावरच ते सीलखाली येतात. फुल लॉक, म्हणजे स्टिअरिंग पार टोकाला नेणं, टाळा. तसंही लॉकला दाबून धरणं वाईटच, तेल तापतं. रोज सकाळी डबा बघा. नवीन बूट आत्ताच टाका, क्लिप स्टेनलेसची घ्या. बूट बदलताना आतला बॉल जॉइंट (दांडीच्या टोकाचा गोळ्याचा सांधा) हलवून बघा. तो खटखटला तर मात्र गणपतीची वाट बघू नका, गाडी उभी करा.

हवा काढायची असेल तर पुढची दोन्ही चाकं उचला, खाली घोडे (लोखंडी स्टँड) लावा, नुसत्या जॅकवर नको. अंगण जांभ्याचं असेल तर खाली जाड फळी. इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत राहा, डबा रिकामा होऊ देऊ नका. बुडबुडे थांबले की इंजिन चालू करून तेच; हवा काढण्यापुरतंच टोकापर्यंत न्या, तिथे दाबून धरू नका. चाकं उचललेली असताना इंजिन बंद ठेवूनही स्टिअरिंग अडखळलं तर तिथे तेलाचा संबंध नाही, स्ट्रटचं (पुढच्या शॉकअबसॉर्बरचं) वरचं बेअरिंग किंवा कॉलमचा (स्टिअरिंगखालच्या दांड्याचा) जॉइंट गंजलेला असू शकतो.

रॅक उतरवायच्या आधी टायरॉडच्या (रॅकपासून चाकाकडे जाणाऱ्या दांडीच्या) चेकनटपाशी आट्यांवर रंगाची खूण करायला सांगा. तेवढ्याने गाडी चिपळूणपर्यंत बऱ्यापैकी सरळ जाईल, तिथे अलाइनमेंट करून घ्या.