श्रीलंकेला धम्मसहल: म्हाताऱ्या मंडळींच्या पैशाचं आणि तिथल्या रीतीचं कसं करावं?

जयभीम, नमस्कार मंडळी.

परभणी जिल्ह्यातल्या आमच्या विहाराची मंडळी श्रीलंकेला निघालीत. आई, मावशी, दोन काका आणि गल्लीतल्या उपासिका. बहुतेकांचा पासपोर्ट पहिल्यांदाच निघालाय. चेन्नईहून कोलंबो, मग अनुराधपूर, मिहिंतले आणि कँडी. बाबासाहेब 1950 साली बौद्ध परिषदेसाठी कँडीला गेले होते, त्यामुळं बाकी काही हुकलं तरी कँडी हुकू नये असा सगळ्यांचा हट्ट आहे. मुक्काम, गाडी, ईटीए (तिकडं जायची ऑनलाइन परवानगी) हे एजंट बघतोय. अडलंय ते वेगळ्याच गोष्टींवर.

एक तर पैसे. तालुक्याच्या बँकेत डॉलर विचारले तर साहेब माझ्याच तोंडाकडं बघायले. नांदेड नाहीतर संभाजीनगर गाठावं लागणार. मोठे काका म्हणायले, "डॉलर-बिलर कशाला? पाचशेचं बंडल घेऊ, शेजारचाच देश हाय, चालतेत." खरंच चालतात का? माणशी रोख किती आणि कार्डावर किती ठेवावं? यूपीआयच्या भरवशावर राहावं का?

दुसरं, तिथल्या विहारात आपल्याहून काय वेगळं असतं? बायका पांढऱ्या साड्या नेणारच आहेत. पण नकळत कुणाचा अवमान होऊ नये.

तिसरं, आई आणि मावशी वर्षावासापासून मांस-मासळी खात नाहीत. इंग्रजी आमच्यात फक्त एकाला येतं, आणि तो मी नाही.

गोदाकाठ:
काकांना आवरा आधी. भारतीय नोटा माणशी 25,000 रुपयांपर्यंत सोबत नेता येतात, पण त्या येताना चेन्नईहून घर गाठायला धरा. तिकडच्या फुलवाल्यानं, रिक्षावाल्यानं त्या का घ्याव्यात? श्रीलंकेचे रुपयेही इकडं शोधत फिरू नका. इथून डॉलर न्या आणि कोलंबोच्या विमानतळावर बँकांचे काउंटर आहेत तिथं थोडे बदला. पावती टाकून देऊ नका, उरलेले परत बदलताना कामी येते. डॉलरच्या नोटा घेतानाच कोऱ्या मागा. फाटकी किंवा पेनानं खरडलेली नोट बदलून देताना खळखळ करतात.

परकीय चलन घेताना रोखीनं 50,000 च्या आतच देता येतात, त्यापुढं खात्यातून. आणि गावाकडं करतो तसं सगळ्यांचे पैसे गोळा करून एकाच्या नावावर घेऊ नका. ज्याचा पासपोर्ट आणि पॅन, त्याचं चलन.

यूपीआय फेब्रुवारी 2024 पासून तिकडं चालतं, लंकापे या तिथल्या पेमेंट जाळ्याच्या क्यूआरवर. मात्र निघायच्या आधी ॲपमधे आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू करून घ्या आणि तिथं नेट लागेल हे धरून चाला. कोलंबोतल्या मोठ्या दुकानात ठीक, विहाराबाहेरच्या कमळवालीकडं रोखच. कार्ड वापरलं आणि मशीननं कुठल्या चलनात पैसे कापू असं विचारलं तर श्रीलंकेचं निवडा. भारतीय रुपये निवडले की भाव ते लावतील तो.

खरी गडबड वेगळीच होते. त्यांचंही चलन रुपयाच. आपल्या एका रुपयाला त्यांचे साधारण तीन-साडेतीन मिळतात, भाव हलता असतो. जेवणाचे हजार ऐकून म्हातारी माणसं उपाशी उठतात. प्रत्येकाला आधीच सांगून ठेवा, आकड्याला साडेतीननं भागायचं. पाच हजाराची नोट बदलताना शंभराच्या आणि पाचशेच्या सुट्या मागून घ्या.

पांढरी साडी:
ताईंना, मावशींना सांगा, पांढरी साडी एकदम बरोबर. तिथले लोकही विहारात पांढरंच घालून येतात. बिनबाह्यांचं पोलकं नको, खांदे-गुडघे झाकलेले हवेत. पुरुषांनी टोपी काढायची, चप्पल बाहेर. अनुराधपूरला दुपारी फरशी अशी तापते की आपल्या एप्रिलची आठवण यावी. जाड मोजे न्या, चालतात.

सगळ्यात महत्त्वाचं, बुद्धमूर्तीकडं पाठ करून फोटो काढायचा नाही. आपल्याकडं विहारात सर्रास ग्रुप फोटो निघतो, तिकडं तो अवमान धरतात. कुणाच्या अंगावर बुद्धाचं चित्र गोंदलेलं असेल तर झाकून ठेवा. 2014 साली एका ब्रिटिश बाईला तेवढ्यावरून परत पाठवलं होतं. भंतेजींना वंदन करा, पण बायकांनी स्पर्श टाळावा. बसमधे पुढची सीट भिक्खूंसाठी राखीव असते, तिथं बसू नका.

वंदनेची काळजी सोडा. त्रिसरण-पंचशील पालीतच आहे, चाल थोडी निराळी. आमच्या बायका अनुराधपूरच्या महाबोधी वृक्षाजवळ म्हणायला लागल्या तशा शेजारच्या आज्याही सूर लावू लागल्या. दुभाष्याची गरज तिथं पडली नाही.

धागाकर्ता:
लई उपकार झाले दोघांचे. काकांना वाचून दाखवलं, बंडल रद्द. जेवणाचं राहिलं तेवढं सांगा.

पांढरी साडी:
"मस् मालु एपा", म्हणजे मांस-मासे नकोत, हे सगळ्यांकडून पाठ करून घ्या. तरी खोबऱ्याच्या चटणीची, पोल संबोलची, वेगळी चौकशी करा. तिच्यात सुक्या माशाचा चुरा बऱ्याचदा असतो आणि दिसत नाही. भाजीला एलवलु, पाण्याला वतुर. पाणी बाटलीचंच. तिखटाची चिंता नको, आपल्याला पुरून उरतं.

गोदाकाठ:
एक विसरलो. दर पौर्णिमेला तिकडं पोया, सरकारी सुट्टी. त्या दिवशी बँका बंद, दारूची दुकानं बंद, विहारात तोबा गर्दी. तुमच्या तारखांत पौर्णिमा येत असेल तर डॉलर आदल्या दिवशीच बदला. आणि तिकीट असलेल्या पुरातन जागी पासपोर्ट दाखवून सार्क देशांच्या (आपणही त्यात येतो) नागरिकांची सवलत मागा, आपण होऊन देतीलच असं नाही.