हाँगकाँगच्या ड्रॅगन्स बॅकवर पळायचंय, माहिती हवी आहे

नमस्कार मंडळी,

सप्टेंबरअखेरीस ऑफिसच्या कामासाठी हाँगकाँगला जाते आहे. सगळ्या मीटिंगांमध्ये एकच सकाळ मोकळी मिळतेय आणि बारा वाजता सेंट्रल या ऑफिसांच्या भागात माणसात दिसेल अशा अवतारात हजर व्हायचंय. तेवढ्यात ड्रॅगन्स बॅकची डोंगरवाट उरकता येईल का?

वाचून कळलं ते असं: हाँगकाँग बेटावरच्या ५० किलोमीटरच्या हाँगकाँग ट्रेलचा हा आठवा, म्हणजे शेवटचा टप्पा. अंतर साधारण साडेआठ किलोमीटर, सगळ्यात उंच जागा शेक ओ पीक, २८४ मीटर. शाऊ केई वान मेट्रो स्टेशनहून ९ नंबरची बस पकडायची, तो तेई वानला उतरायचं, डोंगराच्या सोंडेवरून दोन्हीकडे समुद्र बघत पलीकडे बिग वेव्ह बेच्या किनाऱ्यावर उतरायचं. आकडे वाचून घरच्यांनी 'एवढंच?' म्हणून नाक मुरडलं. पण पुण्यातले आकडे फसवे असतात. आपण मुळात साडेपाचशे मीटरवर राहतो, तिथे चढाची सुरुवातच समुद्रसपाटीपासून फार वर नाही.

माझा सराव वेताळ टेकडीचा. रविवारी जमेल तेव्हा आतकरवाडीतून सिंहगड, पण तो पळत नाही, चढते. उतारावर मी भित्री आहे. खाणीच्या बाजूला सुट्या मुरमावरून बूट सरकायला लागला की माझी पावलं आपोआप आखडतात आणि मागून येणारी कॉलेजची पोरं 'काकू, डावीकडून' म्हणत सुसाट जातात.

तर प्रश्न:

वाट कशी आहे, दगड की माती की पायऱ्या? रस्त्यावर पळायचे बूट चालतील की ट्रेलचे घेऊनच जाऊ? बॅगेत एकाच जोडीला जागा आहे.

त्या दिवसांत उकाडा कितपत असतो? पाणी किती न्यावं?

आंघोळीची काही सोय? हॉटेल कौलूनला, म्हणजे बंदराच्या पलीकडे आहे, तिथवर परत जाऊन बारा गाठणं अवघड वाटतं.

आणि एकटीने जाण्यासारखं आहे ना? हॉटेलच्या जिममधल्या ट्रेडमिलवर पळा, हा सल्ला घरून मिळालेला आहे, तो कृपया पुन्हा नको.

प्रतिसाद

ताई, काही वर्षं तिथे नोकरीला होतो, म्हणून लिहितो.

एकटं जायला हरकत नाही. आठवड्याच्या मधल्या वारी जा. रविवारी सोंडेवर गणपतीतला लक्ष्मी रोड असतो, पळणं सोडा, नीट चालताही येत नाही. वाटेवर दर ५०० मीटरला क्रमांक असलेले खांब आहेत. कुठे अडलात तर ९९९ ला फोन करून जवळच्या खांबाचा क्रमांक सांगायचा, एवढं लक्षात ठेवा.

खरा त्रास दमटपणाचा. पहाटेसुद्धा २५-२६ अंश आणि घाम वाळायचं नाव घेत नाही, त्यामुळे अंग थंडच होत नाही. वेताळ टेकडीवरचा तुमचा वेग पुण्यात ठेवून जा. सुरुवातीच्या चढानंतर सोंडेवर सावली नाही. वारा छान लागतो आणि नेमका तोच फसवतो, ऊन किती लागलं ते खाली उतरल्यावर कळतं. दीड लिटर पाणी आणि इलेक्ट्रालची पुडी न्या, वर पाणी मिळत नाही. उजाडता उजाडता तो तेई वानला पोचा.

सोंडेवर दगड आणि दबलेली माती आहे. पुढे झाडीतली सपाट वाट येते, मनसोक्त पळायची जागा तीच. शेवटी पॉटिंजर गॅप या खिंडीवरून पायऱ्या आणि काँक्रीटचा उतार. कोरडं असेल तर रस्त्यावरचे बूट पुरतात. तुम्ही उताराला बिचकता म्हणताय, तर ट्रेलचेच घ्या आणि ऑफिसात दुसरं काहीतरी घाला.

बिग वेव्ह बेला शॉवर आणि कपडे बदलायची खोली आहे. तिथून शाऊ केई वान आणि मेट्रोने थेट सेंट्रल, कौलूनला जायची गरज नाही.

एकच अट. सप्टेंबर म्हणजे वादळांचे दिवस. आदल्या रात्री तिथल्या वेधशाळेचं ॲप बघा. तीन नंबरचा बावटा लागला असेल तर सोंडेवर जाऊ नका. आठ लागला तर काळजीच नाही, ऑफिसंच बंद होतात, तुमची मीटिंगही गेली.

धागाकर्ती

दादा, मनापासून धन्यवाद! ट्रेलचे बूट नक्की. आता एवढंच सांगा, फॉर्मल कपडे पाठीवरच्या छोट्या सॅकमध्ये घामाने भिजू नयेत म्हणून काय करायचं? शाऊ केई वान स्टेशनजवळ सामान ठेवायची सोय असेल तर उत्तम, नाहीतर सुती सोडून न चुरगळणारं काहीतरी शोधते.