प्रतिसाद: ब्लॅक फॉरेस्ट – शाउइन्सलांड चुकवू नका

जर्मनीतल्या ब्लॅक फॉरेस्ट या डोंगराळ, जंगली भागावरच्या मूळ लेखात फ्रायबुर्ग शहरातून एका दिवसात टिटिझे तळं आणि ट्रिबेर्गचा धबधबा असा बेत सुचवला आहे. जमेल, पण धावपळ होईल. टिटिझेला तळ्याकाठी दुकानांचीच गर्दी फार. त्याऐवजी शाउइन्सलांड या डोंगरावर जा, असं मी मनापासून सांगेन. १९३० पासून चालणारी, साडेतीन किलोमीटरहून लांब रोपवे थेट डोंगरावर नेते. माथा १२८४ मीटर. वरच्या कुरणात बीचची झाडं आहेत, वर्षानुवर्षं वारा खाऊन सगळी एकाच बाजूला वाकलेली. खोडाला हात लावला की शेवाळाचा ओलावा बोटांना लागतो. आम्ही तिथेच डबा उघडला आणि तासभर हललो नाही!

ट्रिबेर्गला गेलातच तर जवळच्या गुटाख गावातलं १६१२ सालचं फोग्ट्सबाउअर्नहोफ हे शेतघर बघा. उतरतं छप्पर जमिनीजवळ आलेलं, माणसं-गुरं एकाच छपराखाली आणि धुराने काळंकुट्ट झालेलं स्वयंपाकघर. हिवाळ्यात मात्र ते बंद असतं.

आणि हो, मुक्काम शहराऐवजी एखाद्या खेड्यात करा. बऱ्याच गावांत पाहुण्यांना कोनुस कार्ड मिळतं, त्यावर बस आणि लोकल रेल्वे फुकट.