जुन्या कानशीची पटाशी: पाणी कसं द्यायचं?

हौशी_सुतार: झिजलेल्या कानशीची अर्धा इंची पटाशी करायची आहे. सरळ ग्राइंडरवर घेऊ की आधी मऊ करू? आणि पाणी (म्हणजे तापवून झटकन थंड करून आणलेला कडकपणा) तेलात द्यायचं की पाण्यात?

ऐरण: आधी मऊच करा. लालभडक तापवून रात्रभर राखेत पुरा, मग ती दुसऱ्या कानशीनंही घासता येते. दात मात्र पूर्ण काढा, तडा तिथूनच जातो. आकार झाला की पुन्हा तापवा. लोहचुंबक चिकटेनासं झालं (साधारण ७७० अंश सेल्सिअस) की किंचित पुढे नेऊन कोमट खाद्यतेलात टोक खाली धरून बुडवा. आडवी बुडवलीत तर वाकलीच समजा. पाण्यात नको, उगाच तडकेल.

रंधाप्रेमी: आणि लगेच ठोकून बघू नका हो! त्या अवस्थेत ती काचेसारखी तुटते. घासून चकचकीत करा, ओव्हनमध्ये २०० अंशांवर तासभर ठेवा. फिकट पिवळी झाली की बास. निळी पडली तर पाणी उतरलं, परत पहिल्यापासून.

हौशी_सुतार: कानस स्वस्तातली आहे, चालेल?

ऐरण: काही नुसत्या वरून कडक असतात, आत साधं लोखंड. शेपटाकडचा तुकडा कापून त्याला पाणी देऊन मोडा. मोडण्याऐवजी वाकला, तर दुसरी कानस शोधा.