गुरुवारी टीआरपी येतो आणि आपल्या मालिकेचं काय होतं? तुमचे अनुभव लिहा

रोज संध्याकाळी सात ते साडेदहा टीव्हीसमोर बसणाऱ्या सगळ्यांसाठी हा धागा. टीव्हीवर काय किती बघितलं जातं ते मोजणाऱ्या बार्क या संस्थेचे आकडे, म्हणजे टीआरपी, दर गुरुवारी येतात, शनिवार ते शुक्रवार असा मागच्या आठवड्याचा हिशोब असतो, आणि ते आले की कुणाचं ठरलेलं लग्न लांबतं, कुणाला अपघात होतो, मालिकेत अचानक सात वर्षांचा लीप येतो, म्हणजे कथा एकदम सात वर्षं पुढे उडी मारते. पुढचा ट्रॅक, म्हणजे कथेचं वळण, काय असेल यावर आपण प्रोमो थांबवून थांबवून चर्चा करतो, पण तो ट्रॅक ज्या आकड्यांवर ठरतो त्यात आपण बहुतेक जण नसतोच. तुमच्या आवडत्या मालिकेचं टीआरपीमुळे काय झालं, मोजणीचा काही अनुभव आला का, पुढची कथा आधी कळली तर तुम्ही काय करता, सगळं लिहा. मोठं झालं तरी चालेल.

जाईजुई

आमच्या सासूबाईंची मालिका आठला लागायची. त्या वेळेला त्यांचा फोनसुद्धा कुणी घ्यायचं नाही. मग एक दिवस स्क्रीनच्या खाली पट्टी फिरायला लागली, सोमवारपासून नवीन वेळेत, रात्री अकरा वाजता. त्या साडेनऊला गोळी घेऊन झोपतात हो. खुर्चीत पेंगत पेंगत बघायचा प्रयत्न केला, मग दुपारचं रिपीट बघायला लागल्या तर थोड्या दिवसांनी तेही काढलं, आणि शेवटी मालिका गुंडाळली ती अशी की जो खटला वर्षभर चालला होता त्याचा निकाल एका भागात आणि खलनायिका एका वाक्यात सुधारली. सासूबाई म्हणाल्या, अगं एवढी वाट बघितली आम्ही, नीट निरोप तरी घ्यायचा. मला हे अजून लागतं. आकडे कमी आले तर बंद करा, पण ज्यांनी शेवटपर्यंत बघितली त्यांच्यासाठी शेवट तरी व्यवस्थित लिहा.

रिमोट_माझ्याकडे

आमचा एका मालिकेच्या चाहत्यांचा ग्रुप होता. नायिका बदलणार अशी बातमी आली तेव्हा सगळ्यांनी ठरवलं की ॲपवर नाही, टीव्हीवरच बघायचं, घरातले सगळे टीव्ही लावायचे, हॅशटॅग ट्रेंड करायचा. तेव्हा मी जरा खोलात जाऊन वाचलं. मोजणी सगळ्या टीव्हींची होत नाही, सेट टॉप बॉक्स पण काही कळवत नाही. देशात २० कोटींच्या वर घरांत टीव्ही आहे आणि बघणं मोजणारं मीटर साधारण ५८ हजार घरांत. चॅनेलच्या आवाजात कानाला ऐकू न येणारी एक खूण मिसळलेली असते, त्यावरून मीटर चॅनेल ओळखतं, आणि घरातल्या प्रत्येकाला रिमोटवर आपापलं बटण असतं, बघायला बसलं की ते दाबायचं, म्हणजे आजी बघतेय की नातू ते कळतं. ही घरं कोणती ते गुप्त ठेवतात आणि ठेवायलाच पाहिजे, २०२० च्या ऑक्टोबरमध्ये मुंबई पोलिसांनी टीआरपी घोटाळ्याचं प्रकरण काढलं त्यात आरोपच हा होता की मीटरवाल्या घरांना पैसे देऊन ठराविक चॅनेल लावून ठेवायला सांगितलं. त्यामुळे ग्रुपमध्ये मी स्पष्ट लिहिलं की आपण चार टीव्ही लावून काही होणार नाही, त्यापेक्षा चॅनेलला पत्रं लिहू. लिहिली पण बऱ्याच जणींनी, हाताने. नायिका बदललीच.

सुपारी_कतरी

आमच्याकडे सर्व्हेवाली मुलगी आली होती. घरात जास्त कमावणारं कोण, त्यांचं शिक्षण किती, मग यादी वाचली, पंखा आहे का, गॅस, फ्रिज, वॉशिंग मशीन, दुचाकी, गाडी, एसी, शेतजमीन. आईने विचारलं अगं मालिका कोणती बघतो ते नाही विचारलंस? ती म्हणाली काकू ते नंतर. यावरून घराचा वर्ग ठरवतात हे मला नंतर कळलं. मीटर काही आलं नाही.

तिसरा_ड्राफ्ट

मी काही वर्षं एका मालिकेच्या लेखनाच्या टीममध्ये होतो, नाव नको. गुरुवारी दुपारी चॅनेलबरोबर मीटिंग असायची आणि नुसता टीआरपी नाही तर मिनिटामिनिटाचा ग्राफ समोर असायचा. कोणत्या सीनला लोक गेले, ब्रेकनंतर परत आले की नाही. एकदा मी एक सीन लिहिला होता, मुलगी नोकरी सोडून माहेरी आलीये, आई तिच्या केसांना तेल लावतेय आणि दोघी बोलत नाहीत, फक्त शेवटी आई म्हणते, खोबरेल संपलंय, उद्या आण. सेटवर सगळ्यांना आवडला, ज्येष्ठ कलाकार होत्या त्यांनी तर मला बोलावून सांगितलं. ग्राफ त्या तीन मिनिटांत खाली. मग ठरलं की शांत सीन नकोत, प्रत्येक सीनला कुणीतरी दारात येऊन ऐकलं पाहिजे. पण त्याच वेळी समोरच्या चॅनेलवर लग्नाचा महाएपिसोड होता हो, लोक तिकडे गेले असतील! आकडा सांगतो की लोक उठले, का उठले ते सांगत नाही, आणि ते विचारायला कुणाला वेळ नसतो. दुसरं म्हणजे भागांची बँक असते, पुढचे भाग शूट होऊन पडलेले असतात, त्यामुळे सोमवारी दाखवलेल्या सीनचा निकाल पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारी कळतो आणि त्यावरून केलेला बदल त्याहून उशिरा दिसतो. तोपर्यंत प्रेक्षकांना आधीचा ट्रॅक आवडायला लागलेला असतो, असं माझ्यासमोर झालंय. लेखक मूर्ख असतात असं कृपया लिहू नका, रात्री अकराला फोन येतो की उद्या सकाळचं शूट बदललंय.

अनघड

ट्रॅक नेहमी टीआरपीनेच बदलतो असं नाही. एप्रिल २०२१ मध्ये कोरोनामुळे महाराष्ट्रात शूटिंग बंद झालं आणि बऱ्याच मराठी मालिका गोव्याला गेल्या, मे मध्ये तिथेही थांबलं. तेव्हा वाड्यातली कुटुंबं एकदम फार्महाऊसवर राहायला गेली, अर्धी माणसं फोनवरच बोलायची. मी तेव्हा क्वारंटाइनमध्ये एकटी होते आणि ते अर्धेमुर्धे भागसुद्धा मला आधार वाटायचे.

बांधावरून

बार्कच्या आधी टॅम ही कंपनी मोजणी करायची, तिचे मीटर शहरातच असायचे. बार्कने २०१५ ला सुरुवात केली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरपासून खेड्यातली मोजणी आली. आमच्या गावात 'चार दिवस सासूचे' ही मालिका बायका एका घरात जमून बघायच्या, २००१ पासून २०१३ पर्यंत चालली ती, भाग ३००० च्या वर. ती सगळी वर्षं आमच्यासारख्या गावांचं बघणं टीआरपीत धरलंच जात नव्हतं. आताच्या मालिकांत शेत नीट दाखवायला लागलेत, माझ्या मते त्याचं एक कारण ही मोजणी आहे. अजून पेरणी आणि कापणी एकाच महिन्यात दाखवतात, ते सुधारा.

पुढे_काय

मी ॲपचे पैसे भरून भाग टीव्हीच्या आधी बघते, पुढचं मला कळलेलं असतं, पण रात्री आईबरोबर बसून तोच भाग पुन्हा बघते आणि तोंडातून एक शब्द काढत नाही. ती विचारते, खरंच विष घातलंय का गं त्यात? मी म्हणते बघ ना. माझी बहीण आणि वहिनी फक्त फोनवर बघतात, आणि फोनवरचं बघणं टीव्हीच्या रेटिंगमध्ये येत नाही. ॲपचे आकडे चॅनेलकडे असतातच की, मग गुरुवारच्या मीटिंगमध्ये तेही टेबलावर ठेवा आणि मगच ठरवा कोणती मालिका बंद करायची.