कानातला आवाज झोपू देत नाही, मदत हवी आहे

नमस्कार. गेले ७ महिने माझ्या डाव्या कानात रातकिड्यासारखी बारीक किरकिर सतत चालू आहे. दिवसा कामाच्या गडबडीत तिचा विसर पडतो, पण रात्री सगळं शांत झालं की तीच डोकं व्यापून टाकते.

कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवलं. वरच्या पट्टीतलं ऐकू येणं थोडं कमी झालंय. एकाच कानात असल्यामुळे एमआरआयही केला, तो नॉर्मल आहे. टिनिटस, म्हणजे कानात असा सतत येणारा आवाज, पूर्ण घालवणारं औषध नाही, हे मी स्वीकारलंय. प्रश्न झोपेचा आहे.

झोप अपुरी झाली की दुसऱ्या दिवशी आवाज जास्त बोचतो, आणि बोचतो म्हणून रात्री पुन्हा झोप येत नाही. खरं सांगायचं तर आता आवाजापेक्षा "आज तरी डोळा लागेल का" ही धास्तीच मला जागं ठेवते. दोन वाजता घड्याळ बघते आणि मग उजाडेपर्यंत कूस बदलत राहते.

इअरप्लग लावून पाहिले, तर बाहेरचे आवाज बंद होऊन आतला आणखीच मोठा वाटला. मोबाइलवर पावसाचा आवाज हळू लावला की थोडं बरं वाटतं. तो किती ठेवायचा? किरकिर पूर्ण झाकेल इतका, की तिच्याहून जरा कमी?

निद्रानाशासाठीची सीबीटी (झोपेबद्दलचे विचार आणि सवयी बदलायला शिकवणारी उपचारपद्धती) कोणी केली आहे का? श्रवणयंत्रामुळे कोणाची झोप सुधारली का? कृपया कानात तेल घालायला सुचवू नका, स्वतःचा अनुभव मात्र जरूर लिहा.